शारजातल्या झोपाळ्याचा हूक

शारजाहून परतल्यापासून भेटेल तो मला दोनच गोष्टी विचारतो. सोनं किती आणलं आणि उंट पाहिले का. सोनं आणलं नाही. उंट एकच पाहिला, तोही एका पिकअपच्या मागे गुडघे मुडपून बसलेला, सिग्नलला आमच्या शेजारी थांबून आमच्याकडे कमालीच्या तुच्छतेनं बघणारा. बाकी जे पाहिलं ते सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो आणि तो चहाचा कप खाली ठेवतो. म्हणून आता लिहूनच काढते.

मी सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवते. धातू का टिकतो आणि का मोडतो हे मुलांना दरवर्षी सांगायचं आणि त्यांनी दरवर्षी परीक्षेत ते विसरायचं, असा आमचा परस्परांशी करार आहे. धाकटा भाऊ शेखर शारजात एका बांधकाम कंपनीत नोकरीला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आखात बघून आलेलं माणूस आमच्या गल्लीत घरटी एक निघू लागलं होतं आणि सख्खा भाऊ तिथे असून मी गेले नाही म्हणून लोक मलाच नावं ठेवत होते. शेवटी मे महिन्याच्या सुटीत गेले. मे महिन्यात तिकडे शहाणं माणूस जात नाही, हे मला तिथे पोचल्यावर सांगण्यात आलं.

शारजा

विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. समोरचं काही दिसेना. सामानाची गाडी धरून तशीच उभी राहिले आणि शेखरनं मला शोधायच्या ऐवजी मीच त्याच्या आवाजाच्या रोखानं चाचपडत गेले. परदेशातलं माझं पहिलं दर्शन हे असं आंधळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला गार पाण्याचा नळ सोडला आणि हात भाजला. चटका इतका होता की मी ओरडले. शेखरची मुलगी ईशा, वय वर्षं आठ, दारात येऊन शांतपणे म्हणाली, "आत्या, यूज द हॉट वन." मला वाटलं पोरगी चेष्टा करतेय. पण खरंच, गरम नळाला गार पाणी होतं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हानं उकळतं, ते गार नळाला येतं. म्हणून उन्हाळाभर गीझरचं बटण बंद ठेवायचं आणि गीझरमध्ये साठलेलं पाणी घरातल्या सावलीत निवू द्यायचं. पाच-सहा महिने सगळं गाव असं उलटं वागतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी मात्र पहिले दोन दिवस नळासमोर उभी राहून आधी विचार करायची आणि मग हात पुढे करायची.

शेखरची बायको मंजिरी रोज काही ना काही खिलवत होती. भारतातून येणारी कोथिंबीर, इराणातली कलिंगडं, खुबूस नावाची मैद्याची मोठी रोटी, जिच्यात गुंडाळून तिथले आपले लोक बटाट्याची भाजीसुद्धा खातात. दुकानात केरळी, सीरियन, पठाण सगळे हिंदीत बोलतात आणि त्या हिंदीत मधेच यल्ला, म्हणजे चला, आणि खलास येतं. मराठी माणसंही तसंच बोलतात. शेखर फोनवर ऑफिसशी बोलत असला की मला अर्धं समजायचं नाही, आणि हा माझ्या मांडीवर मोठा झालेला मुलगा.

हमीदभाईंच्या घरी

आठवड्याभरानं शेखर म्हणाला, "ताई, आज हमीदभाईंकडे जेवायला जायचंय. त्यांचं तुझ्याशी कामही आहे."

हमीदभाई दापोलीकडचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आले आणि शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्यांनी लोहारकामाचं वर्कशॉप काढलं. शेखरच्या कंपनीला लागणारे ब्रॅकेट, हूक, जाळ्या, गेट तेच करून देतात. राहायला एक जुनं बैठं घर, मधल्या खोलीत छताखाली आडवा लोखंडी गर्डर. जेवणात तांदळाच्या पातळ भाकऱ्या, कोलंबीचं कालवण आणि मी मासे खात नाही हे कळल्यावर भाभींनी धावपळ करून केलेली काळ्या वाटाण्याची उसळ. शेवटी तांदळाच्या रव्याचं वाफवलेलं गोड सांदण आलं. सांगलीच्या माणसाला सांदणाचं कौतुक कसं सांगावं, मी तीन खाल्ली आणि गप्प बसले.

जेवण आटोपल्यावर हमीदभाईंनी एका वर्तमानपत्राची पुडी माझ्यासमोर सोडली. आत अंगठ्याएवढ्या जाडीच्या लोखंडी हुकाचे दोन तुकडे होते.

"ताई, तुम्ही लोखंडातल्या जाणकार. शेखरसाहेब बोलले. हे बघा आणि मला फक्त खरं सांगा."

मग त्यांनी हकीकत सांगितली. वडील वारल्यावर त्यांनी आईला, सगळे तिला अम्मा म्हणतात, गावाहून कायमचं इकडे आणलं. अम्मांचं इथे मन रमेना. गावी पडवीत झोपाळा होता, त्यावर बसून त्यांचं आयुष्य गेलेलं. तेव्हा धाकट्या भावानं, युसूफनं, झोपाळा करायचं मनावर घेतलं. युसूफ वर्कशॉपमधली भट्टी सांभाळतो. सागवानी फळी आणली, पितळी कड्या गावाहून मागवल्या आणि गर्डरला अडकवायचे दोन हूक स्वतः घडवले. अम्मा खूश झाल्या. दिवसभर त्यावर बसून तांदूळ निवडायच्या, तसबीचे मणी ओढायच्या. चार महिनेही झाले नसतील, एका दुपारी हूक एकाएकी तुटला. अम्मा फळीसकट खाली आल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, पण यापुढे आधाराशिवाय चालता येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

"भंगारातला तुकडा घातला त्यानं," हमीदभाई म्हणाले. "आईच्या झोपाळ्याला. आमच्या वर्कशॉपात नवीन सळ्यांचा ढीग पडलेला आणि हा भंगारातून उचलतो, नवी सळई बाहेर विकायला. वर मला बोलतो, भाई, माल चांगला व्हता. चांगला माल तुटतो काय, ताई?"

शेखर खाली बघत होता. हमीदभाईंचा आवाज चढला नव्हता, पण भाभी हळूच उठून आत गेल्या.

"शुक्रवारच्या फ्लाइटला बसवतोय त्याला. तुमचीच फ्लाइट. व्हिसा कॅन्सलचे पेपर तयार आहेत. फक्त अम्माला पटत नाय. ती बोलते, युसूफ असं करणार नाय. तुम्ही तिला सांगा, लोखंड खराब व्हतं म्हणून. शिकलेल्या बाईचं ती ऐकेल."

मी तुकडा उजेडात धरला आणि मला धक्का बसला. तुटलेल्या जागी तोंड अगदी सपाट होतं, साखरेच्या दाण्यांसारखं चमकणारं. हूक कुठेही वाकलेला नव्हता, ताणलेला नव्हता. एका कडेला तेवढी नखाएवढी काळी चंद्रकोर होती, म्हणजे तिथे आधीपासून चीर होती. साधं, हलकं लोखंड असं तुटत नाही. ते आधी वाकतं, लांबतं, आपण थकलो हे बघणाऱ्याला सांगतं. हा हूक कुणाला काही न सांगता गेला होता.

"मला तपासावं लागेल," मी म्हणाले. "वर्कशॉप बघू द्या."

निघताना अम्मांना भेटले. पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या, अंगानं लहानशा, डोळे तरतरीत. माझा हात धरून म्हणाल्या, "बाय, माझ्या पोराला घरातून घालवतात गो. तू शिकलेली हायस ना? मग नीट बघ." मला त्यांच्याकडे बघवेना.

औद्योगिक क्षेत्र

शारजाचं औद्योगिक क्षेत्र म्हणजे मैलोन्‌मैल गॅरेजं, गोदामं आणि पत्र्याच्या शेडी. रस्ता ओलांडायला म्हणून गाडीतून उतरले आणि माझ्या चपलेचा तळ डांबराला चिकटून तिथेच राहिला. वरचे पट्टे पायात, तळ रस्त्यावर. शेखरला हसू आवरेना. वर्कशॉपमधल्या एका पंजाबी कारागिरानं मला स्वतःचे सेफ्टी बूट दिले. ते दोन नंबर मोठे होते आणि उरलेला दिवस मी त्यातच फेंगडी चालले.

युसूफ तिशीचा असावा. भट्टीपुढे उभं राहून केस घामानं कपाळाला चिकटलेले. मी कोण ते कळल्यावर त्यानं नमस्कार केला, मला बसायला खुर्ची दिली, थंडगार लबनची बाटली दिली. लबन म्हणजे आपलं ताकच, पण दाट. हा माणूस भावाच्या घरी जेवायला जात नव्हता, वर्कशॉपमध्येच झोपत होता, आणि मला दोनदा विचारत होता की पंखा माझ्याकडे वळवू का.

त्याला काम करताना बघायचं म्हणून मी मुद्दाम थांबले. सळई लाल केली, ऐरणीच्या शिंगट्यावर वाकवली, चार घाव घातले आणि तसाच लालभडक हूक पाण्याच्या पिंपात टाकला. चर्र झालं, वाफ उठली. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक तुकडा पिंपात जात होता.

"प्रत्येक वेळी पाण्यात टाकता?" मी विचारलं.

"मग काय मॅडम. आधीच इथं आग, त्यात लाल लोखंड जवळ ठेवून कोण उभा राहणार? पाण्यात टाकला, खलास. हातात घ्यायला मोकळा. इथं सगळेच तसं करतात."

आमच्याकडे सांगलीच्या एमआयडीसीत लोहार काम झालं की तुकडा बाजूला राखेत नाहीतर जमिनीवर टाकतो आणि विडी पेटवतो. इथे उभं राहायला सावली पुरत नाही तिथे तापलेलं लोखंड शेजारी कोण ठेवणार? आणि साध्या सळईचं त्यानं काही बिघडतही नाही. तिच्यात कार्बन इतका कमी की पाण्यात बुचकळली तरी ती फार कडक होत नाही. वर्षानुवर्षं हजारो हूक या पिंपातून गेले होते आणि एकही तुटला नव्हता.

"अम्मांच्या झोपाळ्याला कुठलं लोखंड घातलंत?"

युसूफनं हातातला चिमटा खाली ठेवला. "मॅडम, शाफ्ट व्हता. तेलाच्या कंपनीतल्या पंपाचा. भंगारात आला, हे खरं आहे. पण तसा माल मी कधी हातात धरला नव्हता. करवत लागत नव्हती त्याला. भाईला दिसला असता तर कुणाच्या गेटात गेला असता. मी कॉटखाली सरकवून ठेवला. दोन वर्सं."

"कशासाठी?"

"कायतरी चांगल्या कामासाठी." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "अम्मा आली तेव्हा बोललो, आता काढायचा."

"आणि घडवल्यावर पिंपात टाकला?"

"हा. नेहमीसारखा."

 मला त्याच क्षणी कळलं होतं. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलायचं नाही ही माझी सवय आहे, आणि त्या दिवशी तिचा आधारही वाटला.

प्रयोगशाळेत

शेखरच्या ओळखीनं त्याच दिवशी एका खासगी प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथले कुरियन नावाचे गृहस्थ हसतमुख होते. हुकाचा एक काप काढला, आरशासारखा घासला, सौम्य आम्लात क्षणभर धरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी डोळा लावला.

इतकं स्वच्छ पोलाद मी क्वचित पाहिलंय. मळी नाही, घाण नाही. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या सुया. एकमेकींना छेदणाऱ्या, गच्च भरलेल्या सुया. त्यांना आम्ही मार्टेन्साइट म्हणतो. कुरियननी रासायनिक चाचणी केली तर निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम, सगळी उंची मंडळी हजर. विमानाच्या चाकाच्या दांड्याला शोभेल असं पोलाद. काठिण्य मोजायचं यंत्र लावलं तर काटा कानशीच्या पोलादाच्या आसपास गेला.

"वॉटरमें डाला, मॅडम? टेम्परिंग नहीं किया?" कुरियननी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. त्यांचं हसू गेलं.

हे काय झालं ते वाचणाऱ्याला सांगायला हवं, आणि मला ते स्वयंपाकघरातूनच सांगता येईल. लोखंड लाल तापलं की त्याच्यातला कार्बन विरघळतो, जशी गरम पाकात साखर. साधं लोखंड निवताना कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते, तो थरांथरांनी वेगळा बसतो आणि लोखंड चिवट राहतं. पाक निवताना साखर दाणेदार होते तसंच. पण आपण पाकात लिंबू पिळलं की साखर जमत नाही, पाक तसाच राहतो. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम हे पोलादातलं लिंबू. कार्बनला ते वेळेत बाहेर पडू देत नाहीत. असं पोलाद नुसत्या हवेत निवलं तरी कडक होतं, आणि पाण्यात बुडवलं तर विचारूच नका. सगळा कार्बन आत कोंडला जातो, सुया होतात, पोलाद काचेसारखं होतं आणि निवता निवताच त्याला बारीक चिरा जातात.

एवढं करून ते पोलाद वाईट नसतं. पाण्याऐवजी तेलात निववून पुन्हा मंद आचेवर ठेवलं, म्हणजे टेम्परिंग केलं, की कोंडलेला कार्बन अतिशय बारीक कणांच्या रूपानं जागोजाग बाहेर येतो. ते कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्या जोरावरच तो शाफ्ट वर्षानुवर्षं पंप फिरवत होता. कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी ते काळजीनं केलं होतं. युसूफच्या भट्टीत लाल होताच ते कण विरघळून गेले, आणि मग पिंप होतंच.

म्हणजे जे लोखंड हलकं ते त्या पिंपात टिकत होतं, आणि जे सगळ्यात चांगलं ते तिथेच मेलं. तीस वर्षं मी हे फळ्यावर शिकवलं होतं. त्यानं एका म्हातारीचं हाड मोडलेलं मी पहिल्यांदा पाहत होते आणि मला भयंकर वाटत होतं.

शेखर मात्र सुटल्यासारखा हसला. "ताई, म्हणजे युसूफनं खराब लोखंड घातलं नाही. सुटला ना तो?"

"सुटला," मी म्हणाले, आणि मग एकदम सुचलं. "शेखर, शाफ्ट केवढा होता?"

प्रयोगशाळेतूनच वर्कशॉपला फोन लावला. युसूफ फोनवर आला.

"युसूफ, त्या शाफ्टचं आणखी काय काय केलंत?"

"झोपाळ्याचे दोन हूक, मॅडम. न तुटलेला भाईनं काढून ठेवलाय. आणि उरला त्याचा एक छोटा हूक." तो हसल्यासारखा बोलला. "रेहानाच्या बाळाच्या पाळण्याला."

करामा

रेहाना ही या दोघा भावांची धाकटी बहीण. दुबईत करामाला राहते. पहिलं बाळ दोन महिन्यांचं. शेखरनं तिच्या घरी फोन लावला तर सतत एंगेज. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. वर्कशॉपमधून युसूफला गाडीत घेतलं तेव्हा त्यानं सांगितलं, बाळ झोपलं की ती रिसीव्हर बाजूला काढून ठेवते. शेजाऱ्यांचा नंबर कुणाकडे नव्हता, तिचा नवरा जहाजावर.

शारजा-दुबई रस्त्यावर दुपारची कोंडी होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते, त्या रस्त्यावर गाड्या चालत नाहीत, नुसत्या उन्हात उभ्या असतात. आपल्याकडे अशा वेळी हॉर्न वाजतात, कुणीतरी उतरून वाद घालतं, निदान मन तरी गुंतून राहतं. तिथे सगळे काचा बंद करून शांत बसलेले. युसूफ मागच्या सीटवर होता. मी त्याला गाडीत बसल्या बसल्या सगळं सांगितलं होतं. तो एकदाच बोलला, "मॅडम, तो बाळाचा म्हणून पार गार होईपर्यंत मी पिंपात ठेवला व्हता." 

रेहानानं दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. नुकतंच झोपवलंय. आतल्या खोलीत लोखंडी स्टँडला कापडी पाळणा, आणि पाळणा संथ झुलत होता. वर तो हूक. काळा, सुबक, टोकाला युसूफनं हौसेनं एक वेल वळवलेली. युसूफ तिला बाजूला सारून आत गेला, दोन्ही हात खाली घालून बाळ उचललं आणि ते जागं होऊन रडायला लागलं.

"भाई, काय करतोस तू? आत्ता झोपलं व्हतं," रेहाना चिडून म्हणाली.

मी हूक काढला, टॉवेलात गुंडाळला, मोरीच्या फरशीवर ठेवला आणि गाडीतून आणलेल्या हातोड्यानं एक घाव घातला. फार जोरात नाही. टॉवेल उलगडला तेव्हा आत तीन तुकडे होते.

रेहाना बघत राहिली. मग भिंतीला टेकत खाली बसली. युसूफनं बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मीही तिथेच फरशीवर बसले. बाळ रडून रडून थांबलं आणि ते मोठे बूट घातलेल्या माझ्या पायांकडे बघत राहिलं.

अम्मांच्या खोलीत

त्याच दिवशी संध्याकाळी सगळे हमीदभाईंच्या घरी जमलो. युसूफ दारातच उभा होता, कित्येक दिवसांनी त्या घरात आलेला. मी अम्मांच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं, पाकासकट. हमीदभाई मधेमधे प्रश्न विचारत होते. अम्मा डोळे मिटून ऐकत होत्या.

"म्हणजे लिंबू पिळलेला पाक," त्या म्हणाल्या. "तो जमत नाय."

"हो, तसंच."

"आणि लोखंड भारीतला व्हता?"

"फार भारीतलं. त्याच्याहून चांगलं या गावात मिळणार नाही."

अम्मांचा चेहरा असा उजळला की मला त्या आजारी आहेत याचाच विसर पडला. "बोलले व्हते ना मी," त्या हमीदभाईंना म्हणाल्या. "माझ्यासाठी त्यानं सगळ्यात चांगला ठेवला व्हता."

हमीदभाई उठले, दारापाशी गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "युसूफ, माझं चुकलं. तू चोरी केली नाय, खराब माल घातला नाय. मी तुला नाय ते बोललो. पेपर फाडतो उद्या. तिकीट कॅन्सल करतो." हमीदभाईंसारख्या माणसाला धाकट्या भावापुढे हे बोलणं जड गेलं असणार.  भाभी रडत होत्या. शेखरनंही डोळे पुसले. मलाही वाटलं, आपण आलो ते बरं झालं.

युसूफ भावाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"मॅडम, साधी सळई घातली असती तर?"

 मी अम्मांकडे पाहिलं. खोटं बोलता आलं असतं, ते अम्मांनाही चाललं असतं. पण तोंडातून निघेना.

"वाकली असती," मी म्हणाले. "तुटली नसती."

"पिंपात टाकून पण?"

"पिंपात टाकून पण."

त्यानं मान हलवली, जवळ येऊन अम्मांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि भट्टी विझवायची राहिली म्हणून निघून गेला. हमीदभाई मला म्हणाले, "इन्शाल्ला, दोन दिवसांत ठीक होईल तो." मीही हो म्हणाले. भाभींनी आग्रहानं पुन्हा जेवायला बसवलं आणि त्या रात्री त्या घरात बऱ्याच दिवसांनी हसणं-बोलणं झालं.

शुक्रवार

शुक्रवारी शारजा बंद असतं. सकाळचे रस्ते रिकामे, मशिदींकडे जाणारी पांढऱ्या कपड्यातली माणसं आणि उन्हात लखलखणारी समुद्राची कड. मंजिरीनं खजूर, बदाम आणि ईशानं काढलेलं उंटाचं चित्र पिशवीत कोंबलं. विमानतळावर सगळ्यांचा निरोप घेऊन मी रांगेत उभी राहिले आणि पुढे बघते तर चार माणसं सोडून युसूफ. हातात एक लहान बॅग, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

मला वाटलं, हमीदभाईंनी तिकीट रद्द करायला उशीर केला, काहीतरी घोटाळा झाला. रांग सोडून मी पुढे गेले.

"युसूफ, अहो तुम्ही कसे? भाईंनी तर सगळं रद्द केलं म्हणाले."

"भाईला मीच थांबवलं, मॅडम. भाई अजून नको बोलतोय. बाहेर गाडीत बसलाय."

"पण आता तुमच्यावर कुणाचा काही आरोप राहिला नाही. मी सगळ्यांना सांगितलंय."

"तेच तर." तो अगदी शांतपणे बोलत होता, मला समजावल्यासारखं. "भाई मला चोर म्हणून पाठवत व्हता ना, तेव्हा मी जाणार नव्हतो. विमानात चढलोच नसतो. तेव्हा मला माहीत व्हतं, मी अम्माला काय केलेलं नाय."

मागच्या माणसानं आम्हाला पुढे सरकायला सांगितलं. युसूफनं स्वतःची बॅग उचलली, माझीही उचलली आणि तो पुढे सरकला.